खांबाजवळचं पाणी

२ फेब्रुवारी

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर आज खोदकाम सुरू झालं. आत्याचा फोन आला तेव्हा मी नदीवरच्या पुलाखाली होते.

"डेसा, भिंत थरथरतेय."

"दुकानाची?"

"नाही, चीनची. अगं, दुकानाचीच!"

कामावरून थेट आत्याच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. पूर्वेच्या भिंतीला छातीच्या उंचीवर एक जुनी भेग आहे. कुंपणापलीकडे पिवळं यंत्र माती उकरत होतं. चार मजली इमारत उठणार आहे. खाली कॉफीचं दुकान, वर फ्लॅट. आपल्यापैकी कोणी तिथे राहील असं वाटत नाही.

कंपनं मोजणं हा माझा धंदा आहे. पूल असो की भिंत, यंत्र तेच. भिंतीवर दोन कंपनमापक बसवले आणि भेगेवर आडव्या दोन काचपट्ट्या चिकटवल्या. भेग केसभर जरी सरकली तरी काच तडकते. काच खोटं बोलत नाही.

आमचा वकील चुलतभाऊ जूलियस म्हणाला, आकड्यांसोबत रोजचं काय ते लिहीत जा, पुढे कोर्टात लागेल. म्हणून ही वही. पण त्याला दाखवण्याजोगी ती राहील असं वाटत नाही.

७ फेब्रुवारी

शनिवार. दुकान भरलेलं होतं. पाटीवर अजून 'टॅल्बर्ट आणि टॅल्बर्ट' आहे. पहिली टॅल्बर्ट म्हणजे वर्नेटा आत्या. दुसरे माझे बाबा, जाऊन सहा वर्षं झाली. पाटी बदलायची का, असं मी एकदा विचारलं होतं. आत्या म्हणाली, "का? तो काय राजीनामा देऊन गेलाय?"

साउथ मेम्फिसच्या या रस्त्यावर आपल्या काळ्या लोकांचा दातांचा डॉक्टर होता, शिंपी होता, दोन छापखाने होते. आता आपलं म्हणावं असं हे एकच दुकान उरलं. कधी गोधड्या शिवणाऱ्या बायका बसतात, कधी पत्त्यांचे डाव रंगतात, कधी कविता, कधी ढोल. पुस्तकं त्या मानानं कमी खपतात.

कार्यक्रम कोणताही असो, आधी पाणी. दुकानाच्या मध्यावर एक जाड लाकडी खांब आहे. त्याच्या पायथ्याशी बाबांनी जमिनीच्या फळ्या कापून हातभर रुंदीचं चौकोनी भोक ठेवलंय. पाणी फळीवर सांडून चालत नाही, मातीला लागायला हवं. प्रूइटकाका टपालखात्यातून निवृत्त झालेत. ते आधी खोलीतल्या सर्वांत वयस्कर माणसाची परवानगी मागतात, मग वाडग्यातलं पाणी थोडं थोडं सोडतात. जमलेले आपापल्या गेलेल्यांची नावं घेतात. प्रत्येक नावावर सगळे म्हणतात, "आशे." म्हणजे असो, तसंच होवो.

नावं सुरू झाली की मी बाहेर जाते. आज मापक बघायचे होते.

परत आत आले तेव्हा आत्या म्हणाली, "मापकाला बरोबर याच वेळी भूक लागते वाटतं."



२१ फेब्रुवारी

लव्हडीबाई वारल्या. तीन पिढ्यांना त्यांनी वाचायला शिकवलं. मुलांनी त्यांची सगळी पुस्तकं दुकानात आणून टाकली. इथली रीतच आहे ती. माणूस चर्चमधून मातीत जातो आणि त्याची पुस्तकं टॅल्बर्टकडे येतात. वरच्या मजल्यावर आता चालायला वाट नाही.

"आत्या, नाही म्हणायला शीक."

"जिवंत माणसाला म्हणते की. मेलेल्याला कसं म्हणू?"

कंपनं मर्यादेच्या बरीच खाली. काचा शाबूत.

३ मार्च

पलीकडचा मुकादम आला होता. ग्रेडी नाव. गोरा, पन्नाशीचा, टोपी हातात धरून बोलणारा. सोबत बिस्किटांचा डबा. त्यानं लहान मुलांचं एक पुस्तक घेतलं, आत्याला 'बाई' 'बाई' म्हणत राहिला, आणि जाता जाता विचारलं, "शनिवारी तुमच्याकडे फार गर्दी असते, नाही का? किती माणसं असतील?"

"का? जेवायला यायचंय?" आत्यानं विचारलं.

तो हसला. आत्या हसली नाही. तो गेल्यावर तिनं डबा तसाच कचऱ्यात टाकला.

"माणसं मोजायला आलाय," ती म्हणाली. "उद्या कुठेतरी तक्रार जाईल, एवढ्या जागेत एवढी माणसं कशी?"

मलाही तसंच वाटलं. प्रश्नाची तारीख इथे टिपून ठेवते.

१४ मार्च

पलीकडे खड्डा आता दोन पुरुष खोल. आमची भिंत त्याच्या काठावर उभी आहे. भिंतीवरचा भार कमी करायला हवा, म्हणून मी वरच्या मजल्याचा नकाशा काढला. पूर्वेच्या भिंतीला टेकलेली सगळी कपाटं आणि खोकी मध्यभागी, मोठ्या तुळईवर आणायची. ती तुळई खालच्या खांबावर बसलेली आहे. सरळ रेषेत भार खाली उतरतो. हिशोब स्वच्छ आहे.

चर्चच्या गायकवृंदातले सहा पुरुष मदतीला आले. अर्धा दिवस गेला.

"लव्हडीबाई जिवंतपणी एवढ्या जड नव्हत्या," त्यांच्यातला एक धापा टाकत म्हणाला.

"तुझ्यासारख्यांना शिकवून जड झाल्या," दुसरा म्हणाला.

शेवटचं खोकं ठेवलं तेव्हा खाली कुठेतरी लाकूड कुरकुरलं. जुनी घरं कुरकुरतातच.

आज बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट करून झाल्यासारखं.

२८ मार्च

कार्यक्रमात विचित्र प्रकार झाला. बाहेर ऊन, हवा दमट. काका नावं घेत असताना खांबाजवळच्या भोकातून पंखांचे किडे वर येऊ लागले. दोनचार नव्हे, धूर निघावा तसे. खिडकीकडे झेपावले. बायका उठून उभ्या राहिल्या. कोणी ओरडलं नाही. काकांनी वाडगा तसाच धरून ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आलेत."

"आशे," सगळे म्हणाले. एक म्हातारी रडू लागली.

मी खिडकीबाहेर होते, काचेतून बघितलं. नंतर मीच झाडू मारला. पंखांनी सुपली भरली. किडे मुंग्यांसारखेच, पण कंबर बारीक नाही, आणि चारही पंख सारख्या लांबीचे. खोदकामानं वारूळ उसवलं असणार. जूलियससाठी फोटो काढून ठेवला.

११ एप्रिल

पुढचं दार अडकतंय. खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. चौकट तिरकी झाली आहे, वरच्या कोपऱ्यात बोटभर फट. भिंत सरकल्याशिवाय चौकट तिरकी होत नाही, असं मी धरून चालले होते. पण काचा शाबूत आहेत. दोनदा तपासल्या. दुसऱ्या वेळी भिंग घेऊन.

ग्रेडी रस्त्यावरून बघत होता. जवळ आला.

"बाई, हे दार भिंतीमुळे अडकत नाहीये. मधली जमीन बसतेय. माझी दोन माणसं फळ्यांखालच्या पोकळीत पाठवतो, दिवा घेऊन. सरपटत जाऊन बघून येतील. पैसे नकोत."

आत्या दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला.

"माझ्या वडिलांच्या घराखाली पण अशीच दोन माणसं दिवा घेऊन गेली होती. आधी खाली बघितलं, मग दारावर कागद चिकटवला, मग बुलडोझर आला. आज तिथून हायवे जातो. माझ्या जमिनीखाली कोणी शिरायचं नाही."

"मी मदत म्हणून—"

"मदतच करायची तर खड्डा बुजवा."

रस्त्यापलीकडून कोणीतरी टाळी वाजवली. ग्रेडीनं टोपी घातली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही इंजिनिअर आहात ना? तुम्ही तरी बघा."

त्याचा आवाज धमकीचा नव्हता. तेच मला धमकीसारखं वाटलं.

मी बघणार होते. खाली उतरायची झडप मागच्या खोलीत आहे, बाबांच्या हत्यारांच्या पेटीखाली. पेटी हलवावी लागेल. कंपनं भिंतीतून येतात, जमिनीखाली बघून काय मिळणार.

२ मे

पत्त्यांची स्पर्धा. लाल सरबत, तळलेला मासा, मक्याचा पाव. प्रूइटकाकांनी गुडघ्याला पट्टा बांधलाय, वाकताना दोघांना धरावं लागतं.

काका आज माझ्याशेजारी येऊन बसले.

"पोरी, एक सांगू? पूर्वी पाणी सोडलं की ते मातीवर थोडं थांबायचं. चमकायचं. मग हळूहळू आत जायचं. आता टेकतं न टेकतं तोच नाहीसं होतं."

"माती सैल झाली असेल."

"माती नव्हे. ते तहानलेत."

"कोण?"

त्यांनी खाली बोट दाखवलं आणि पत्ते पिसायला घेतले. "लेमचं नाव घेतो ना, तेव्हा सर्वांत लवकर जातं."

लेम म्हणजे माझे बाबा. मी सरबताच्या बरणीकडे बघत राहिले. बरणी सरळ उभी होती, सरबत एका बाजूला जास्त होतं. खांबाच्या बाजूला. टेबलाचे पाय जुने आहेत.

आकडे शांत आहेत. यानं मला बरं वाटायला हवं. वाटत नाही.

२३ मे

एकोणीस जूनला मुक्तिदिन, गुलामगिरी संपल्याचा. त्यासाठी खांब रंगवायला घेतला. पलीकडचा चिखल कसा कुठून आत येतो कोण जाणे. खांबाच्या मागच्या बाजूला, जुन्या पोस्टरखाली, मातीच्या बारीक नळ्या चढल्यात. हाताच्या शिरांसारख्या, खालून थेट वरपर्यंत. फडक्यानं पुसल्या. दोन ठिकाणी रंग फुगलाय, दाबलं तर आत जातो. बोटानं वाजवून पाहिलं. आवाज बद्द आला. लोखंड असतं तर त्यावरून काही सांगता आलं असतं. लाकडाचं मला कळत नाही. ते बाबांचं खातं होतं.

हिरवा रंग दिला. छान दिसतो.

३० मे

आठवडाभरातच नळ्या परत चढल्या. नव्या रंगावरून.

१२ जून

आत्या म्हणाली, "एकोणीसला पाणी तू द्यायचंस."

"काका देतात."

"काकाचा गुडघा बघितलास? आणि दुकानाला तीस वर्षं होतायत. त्या दिवशी टॅल्बर्टनंच द्यायचं. मी खाली वाकले तर तुम्हाला मलाच उचलायला लागेल."

"मला नावं पाठ नाहीत."

"एक पाठ असलं तरी पुरे."

मी म्हटलं, बघू. तिनं ते हो म्हणून धरलं. मी लहान असल्यापासून ती असंच करते.

काल ग्रेडीनं कुंपणावरून परत विचारलं, "एकोणीसला किती माणसं?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" तो म्हणाला, "त्या दिवशी माझी यंत्रं बंद ठेवतो." का, ते बोलला नाही. त्याचा कसला डाव आहे ते लक्षात येत नाही. आत्या म्हणते, पाप धुवायला. मी दोन मापक आणखी लावले, तेही पूर्वेच्याच भिंतीवर.

१९ जून

क्रमानं लिहिते.

दुकानात ऐंशी तरी माणसं असतील. भिंतीला टेकून, कपाटांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर. मुलं पुढे जमिनीवर. तिघे ढोलवाले जिन्याखाली. पाण्यानंतर रांगेचा नाच होणार होता, सगळ्यांनी एकदम पाय आपटायचा तो. टेबलावर लाल सरबत, कलिंगडं, आत्याचा केक. दार तिघांनी मिळून उघडलं होतं आणि थंड हवा जाऊ नये म्हणून परत लावून घेतलं होतं.

आत्यानं माझ्या हातात वाडगा दिला. मी प्रूइटकाकांकडे बघून परवानगी मागितली. "दे, पोरी," ते म्हणाले. खोली गप्प झाली. मी खांबापाशी गुडघ्यांवर बसले. इतक्या वर्षांत मी त्या जागी कधी बसले नव्हते. उभ्यानं दिसत नाही असं बरंच काही तिथे दिसतं. रंगवला तेव्हा खांबावरच्या माझ्या हिरव्या रंगाची खालची कड फळ्यांच्या बरोबरीनं होती. आता ती दोन बोटं खाली गेली होती. खांब जमिनीत उतरत होता.

मी पाणी सोडलं. ते मातीवर थांबलं नाही. आवाजही आला नाही.

तोल सावरायला खांबाला हात लावला. बोटं आत गेली. चहात बुडवलेल्या बिस्किटात जावीत तशी, मुठीपर्यंत. आत काहीतरी पांढरं, मऊ, वळवळत होतं. मग कळलं. पंख, मातीच्या नळ्या, बद्द आवाज, सगळं एकदम. वाळवी. आणि वर, बरोबर माझ्या डोक्यावर, लव्हडीबाईंची आणि या मोहल्ल्यातल्या सगळ्या गेलेल्यांची पुस्तकं. मीच तिथे आणून ठेवलेली.

मी हात बाहेर काढला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "दाराकडे चला."

"आशे!" ऐंशी गळे म्हणाले. कोणी हललं नाही.

"सगळे बाहेर व्हा."

"आशे!" आणि ढोलावर थाप पडली. तिच्यासरशी वरून बारीक भुकटी माझ्या मनगटावर सांडली.

तेव्हा लक्षात आलं की माझ्या हातात वाडगा आहे तोवर मी जे बोलेन ते त्यांच्यासाठी मंत्रच असणार. ओरडले तर धावपळ होईल, एकच दार, तेही अडकणारं, आणि पुढे मुलं. मी वाडगा दोन्ही हातांत धरून उठले.

"आज पाणी रस्त्यावर द्यायचं. मुक्ती रस्त्यावर आली होती. मी नाव घेत पुढे जाईन. तुम्ही मागून या. आधी मुलं. ढोल वाजवायचे नाहीत. पाय आपटायचे नाहीत, झोपलेल्या बाळाच्या खोलीतून जातो तसे चला."

कुजबूज झाली. असं कधी झालं नव्हतं. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं माझ्या हाताकडे बघितलं. मनगटापर्यंत भुसा लागलेला होता. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"ऐकू आलं ना?" ती म्हणाली. "टॅल्बर्ट पाणी देतायत. चला." आणि दाराजवळच्या दोघांना घेऊन स्वतः दाराला खांदा लावला.

पहिलं नाव आपल्या घरचं घ्यायचं असतं. सहा वर्षांत मी ते मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

"लेम्युएल टॅल्बर्ट."

"आशे."

मी चालू लागले. आजी-आजोबांची नावं घेतली. लव्हडीबाईंचं घेतलं. शिंप्याचं, दातांच्या डॉक्टरचं. मग माझ्याकडची नावं संपली आणि अजून अर्धी माणसं आत होती. मागून काठी टेकत येणारे प्रूइटकाका नावं पुरवू लागले. टपाल वाटत ज्या ज्या घरी गेले होते त्या त्या घरची, रस्त्याच्या क्रमानं. लोक हळू चालत होते. कोणीतरी गुणगुणत होतं. मी उन्हात पोचले आणि वळून बघितलं. मुलं बाहेर, बायका बाहेर, ढोलवाले ढोल पोटाशी धरून बाहेर. सर्वांत शेवटी आत्या. तिनं दार सोडलं.

आवाज आधी मोठा नव्हता. जड माणूस आरामखुर्चीत बसावा तेवढाच. मग वरचा मजला मधोमध वाकला आणि पुस्तकं खाली यायला लागली. खिडक्यांतून ती पडताना दिसत होती, कितीतरी वेळ. मग दारातून पांढरी धूळ बाहेर आली आणि काही दिसेनासं झालं.

 मग गर्दीतून एका मुलीनं, सवयीनं, हळूच म्हटलं, "आशे."

प्रूइटकाका म्हणाले, "सगळे एकदमच पाणी प्यायला उतरले."

थोड्या वेळानं गर्दी कुंपणाकडे वळली. "यांनी खोदलं म्हणून पडलं!" ग्रेडी तिथे उभा होता, टोपी हातात. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी वाडग्यातली धूळ पुसत राहिले.

२० जून

दारावर पालिकेचा लाल कागद लागला, आत जायला बंदी. पूर्वेची भिंत उभी आहे. कुंपणाच्या फटीतून बघितलं. दोन्ही काचपट्ट्या जागच्या जागी, अखंड, उन्हात चमकत होत्या.

२२ जून

जूलियस आला.

"आकडे दे. बाकीचं मी बघतो. अख्खी इमारत बांधून घेऊ त्यांच्याकडून."

"आकडे शांत आहेत."

"किती शांत?"

"समोरून बस गेली तरी भिंत यापेक्षा जास्त हलायची."

त्यानं फाईल मिटली. "बरं. मग आकडे राहू दे. एवढंच लिही की खोदकाम चालू असताना, त्याच्याच शेजारी, इमारत पडली. खोटं आहे का?"

"नाही."

"मग लिही. तुझी सही पुरेल. डेसा, मोहल्ल्याला हे दुकान परत हवंय. ते कसं पडलं याच्याशी कोणाला कर्तव्य आहे?"

मी म्हटलं, विचार करते. आणि खरंच केला. ते वाक्य मी मनात चार प्रकारे लिहून पाहिलं. चारही खरी होती.

२३ जून

आत्या अंगणाच्या पायरीवर शेंगा सोलत होती. मी शेजारी बसून सोलू लागले.

"पाण्यानं पडलं?" तिनं वर न बघता विचारलं.

"मी खाली मोजलेलं नाही."

"आणि तू न मोजता झोपतेस कधीपासून?"

मी शेंग सोलत राहिले. मग म्हटलं, "तीस वर्षं खांबाच्या मुळाशी पाणी. बाबा सुतार होते. त्यांना कळायला हवं होतं."

"त्याला कळत नव्हतं?" आत्यानं सूप बाजूला ठेवलं. "मी म्हटलं होतं त्याला, भोक भिंतीपाशी पाड. म्हणाला, मध्यावरच हवं, सगळ्यांना दिसायला हवं. आणि दर वसंतात तो झडपेतून खाली उतरायचा. खांबाचा पाय खरवडायचा, औषध मारायचा, डांबर लावायचा. वर आला की कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा दिसायचा. पाणी द्यायचं तर एवढं करावं लागतं म्हणायचा."

"मग ते गेल्यावर?"

"गेल्यावर कोणी उतरलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आत थांबलीस कधी, विचारायला?"

रस्त्यावरून एक गाडी गेली. तिच्यातलं गाणं वळणापर्यंत ऐकू येत होतं.

"मीही उतरवू शकले असते कोणालातरी," ती म्हणाली. "त्या मुकादमालासुद्धा. तो काय बोलतोय ते मला कळत होतं गं. पण त्याच्या तोंडून ऐकवत नव्हतं." तिनं सूप परत मांडीवर घेतलं. "जूलियस येऊन गेला ना? त्याला काय सांगितलंस?"

"विचार करते म्हटलं."

"माझ्या बापाच्या घराखाली बघून आलेल्यांनी कागदावर काय लिहिलं होतं ठाऊक आहे? लाकूड कुजलंय. नव्हतं कुजलेलं. पण सही होती." तिनं एक शेंग मोडली. "तू उतर. मोज. जे असेल ते लिही."

"दुकान परत उभं राहणार नाही."

"मला माहीत आहे ते. शेंगा नीट सोल, दाणे सांडतायत."

२६ जून

पालिकेची परवानगी घेऊन मागच्या बाजूनं झडपेतून उतरले. बाबांची पेटी सरकवली. फार जड नव्हती. खाली डोकं वर करता येत नाही एवढीच जागा. खांबाचा पाय उरलेला नाही, मातीच्या नळ्यांचा गुंता फक्त. आजूबाजूच्या विटांवर डांबराचे थर दिसतात, एकावर एक. सगळ्यांत वरचा थर तडकून सुटलाय. त्याच्या बाजूला एक ब्रश पडला होता. डांबरानं दगड झालेला.

पालिकेला द्यायच्या अहवालात भिंतीचे आकडे लिहिले, खांबाचं लिहिलं, वरचा भार मध्यावर कोणी आणला तेही लिहिलं. सही केली.

३ जुलै

बातमी फुटली. चर्चबाहेर गायकवृंदातला एकजण, त्या दिवशी खोकी उचलणाराच, म्हणाला, "शाबास! शिकलीस कशासाठी, तर आपल्याच बापावर दोष घालायला?" त्याची बायको त्याला ओढून घेऊन गेली. मी उत्तर तयार केलं होतं. वापरलं नाही.

पालिकेचा निर्णय आलाय. पाडणार.

११ जुलै

शनिवार. आत्यानं फुटपाथवर खुर्च्या मांडल्या. पन्नास. सतरा-अठरा माणसं आली. प्रूइटकाका आले. जूलियस आला नाही. कुंपणापलीकडे यंत्र चालू होतं. पाणी द्यायची वेळ झाली तेव्हा ते बंद झालं. ग्रेडी दिसला नाही.

दुकानाच्या जागेभोवती तारेची जाळी. कडेला एक ओकचं झाड आहे, फुटपाथच्या चौकोनात कोंडलेलं. त्याच्या मुळाशी पाणी द्यायचं ठरलं. आत्यानं वाडगा माझ्यापुढे धरला. मी घेतला. आता बाहेर सटकायला दार नव्हतं, पण म्हणून घेतला असं नाही.

मी काकांची परवानगी मागितली. गुडघ्यांवर बसले. पहिलं नाव घेतलं आणि पाणी सोडलं.

महिनाभर पाऊस नाही. माती भाजलेल्या विटेसारखी झाली आहे. पाणी आत गेलं नाही. मुळांच्या खाचेत तसंच उभं राहिलं, चमकत. कोणी "आशे" म्हटलं नाही. सगळे पाणी मुरायची वाट बघत होते.

"काका?" मी विचारलं.

काका पाण्याकडे बघत होते. 

"थांबू या," आत्या म्हणाली.

आम्ही थांबलो. किती वेळ, ते मी बघितलं नाही.